रोइंग मशीन घरी आलंय. आता सोबत काय घ्यायचं आणि काय नाही?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात वाकडला सहाव्या मजल्यावर राहतो. हवेवर चालणारं, साखळीचं रोइंग मशीन नुकतंच घेतलं आहे. मी पाच फूट दहा इंच, बायको पाच फूट. आईचं वय ६८, गुडघे कुरकुरतात, पण तिलाही थोडं करून बघायचं आहे. खालच्या फ्लॅटमध्ये तान्हं बाळ आहे. ऑनलाइन खरेदीसाठी सीटची जेलची गादी, हातमोजे, जाड फोमची मॅट, हार्ट रेटचा छातीचा पट्टा, टॅबलेटचा स्टँड, कमरेचा पट्टा आणि प्लॅस्टिकचं कव्हर एवढं निवडून ठेवलं आहे. यातलं काय घ्यावं?

निम्मं आजच काढून टाका. कमरेचा पट्टा, हातमोजे, फोमची मॅट आणि प्लॅस्टिकचं कव्हर, ही चारही नकोत. जेलची गादी महिनाभर लांबवा. छातीचा पट्टा जरूर घ्या. टॅबलेटचा स्टँड मागवण्याआधी मशीनचं खोकं पुन्हा एकदा उपसून बघा. नव्या मशीनसोबत फोन-टॅबलेट ठेवायचा होल्डर बहुतेक वेळा येतोच आणि थर्माकोलबरोबर तो भंगारात जातो. आणि तुमच्या यादीत नसलेल्या तीन गोष्टी सगळ्यांत आधी आणा: जाड रबराचे दोन तुकडे, एक चांगला उभा पंखा आणि जुन्या सुती फडक्यांचा गठ्ठा.

मी मुळा नदीवर बोट चालवायला शिकलो. आता लोकांच्या घरी जाऊन अर्गो शिकवतो (बोट क्लबवर या मशीनला सगळे अर्गोच म्हणतात) आणि बिघडलेली दुरुस्तही करतो. इतक्या घरांत शिरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: आधी मशीनभोवतीच्या वस्तू घ्या, अंगाला लावायच्या वस्तू मागाहून. पहिल्या तीन-चार आठवड्यांत बूड दुखतं, तळहाताला फोड येतात, कंबर धरते. यातलं थोडं नवेपणाचं असतं, बरंचसं मशीन चुकीचं लावल्याचं आणि ओढण्याच्या पद्धतीचं असतं. त्या वेळी गादी, मोजे, पट्टा आणला की दुखणं झाकलं जातं आणि चूक तशीच मुरते. जमीन, उकाडा, धूळ या गोष्टी मात्र सरावाने सुधारत नाहीत. पैसे तिथे घाला.

जमिनीपासून सुरू करतो, कारण तुमच्याकडे सगळ्यांत मोठा प्रश्न तोच आहे. वाकड-बाणेर-हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल. जोर लावून पाय ढकलले की मशीन त्यावर प्रत्येक ओढीला थोडं थोडं सरकतं. जाड, मऊ फोमची मॅट टाकली तर सरकणं थांबतं, पण मशीनचे पाय फोममध्ये रुततात आणि सगळा सांगाडा डुलायला लागतो. मशीन पूर्ण लांबीने जमिनीवर टेकत नाही. पुढचा आडवा पाय आणि मागचा आडवा पाय, एवढंच टेकतं. म्हणून आठ ते दहा मिलिमीटर जाडीचं जिमसाठी मिळतं तसलं घट्ट रबर घ्या आणि त्याचे अडीच फूट लांब, फूटभर रुंद असे दोन तुकडे करून पुढच्या आणि मागच्या पायाखाली घाला. दोन्ही एकाच जाडीचे हवेत, नाहीतर सीट ज्यावर सरकते त्या रुळाचा उतार बदलतो आणि सीट पुढे जाताना वेगळी वागते. मध्ये घाम टिपायला साधी योगा मॅट चालते. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत रबरशीटची चौकशी करा, कापून देतात का विचारा. नवीन रबराला उग्र वास असतो, चार दिवस बाल्कनीत पसरून ठेवा. एक सूचना: काळ्या रबराचा फिकट टाइलवर कधी कधी डाग उठतो आणि तो निघत नाही. महिन्याने एकदा तुकडा उचलून खाली बघत जा. भाड्याचं घर असेल तर आठवड्यानेच बघा.

आता खालचं बाळ. मशीनचे आवाज दोन प्रकारचे आणि दोघांवर औषध वेगळं. मशीनमधल्या पंख्याचा ‘हूश्श’ हवेतून जातो, तो तुमच्याच घरात जास्त ऐकू येतो. दार लावलंत की खाली फारसा पोचत नाही. रबराने तो कमी होत नाही, कोणी तसं सांगून मॅट विकत असेल तर विश्वास ठेवू नका. खाली पोचतो तो स्लॅबमधून जाणारा धक्का: सीट पुढच्या टोकाला आदळते तो, हँडल हातातून सुटून त्या पंख्याच्या जाळीवर आपटतं तो, आणि मशीन सरकून परत बसतं तो. पहिला तुमच्या तंत्राचा आहे. पुढे येताना घाई करू नका. ओढायला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण दुप्पट वेळ परत यायला द्या. दुसऱ्यासाठी हँडल नेहमी हातात धरून त्याच्या आकड्यात अडकवायचं, सोडून द्यायचं नाही. तिसऱ्याचं काम रबर करतं. एवढं केल्यावर एकदा खाली जाऊन तुम्ही स्वतः ऐका, वर बायकोला बसवा. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येण्याआधी बाळाच्या आईला विचारून झोपेची वेळ टाळलीत तर कुठल्याही मॅटपेक्षा ते स्वस्त पडेल.

जागेचं माप हातासरशी घ्या. साध्या हवेच्या मशीनची लांबी २४४ सेंटिमीटर, म्हणजे आठ फूट. वापरायला साधारण नऊ फूट बाय चार फूट मोकळी जागा लागते. मागे झुकल्यावर डोकं भिंतीला किंवा शोकेसला लागत नाही ना ते बघा. वापर झाल्यावर दोन भाग वेगळे करून कोपऱ्यात ठेवता येतात, त्याला पाना लागत नाही. ड्राय बाल्कनीत मात्र ठेवू नका. जागा मोकळी दिसते म्हणून निम्मं पुणं तिथेच ठेवतं, आणि तिथेच वॉशिंग मशीनची वाफ, पावसाची झड आणि कबुतरं असतात.

गादीकडे येऊ. ज्याच्या घरी अर्गो येतं तो पहिली गादीच मागवतो. सीट कडक असते हे खरं. पण तिचा आकार विचार करून केलेला असतो: बुडाच्या दोन हाडांसाठी खोलगट जागा, आणि माकडहाडाला टेकू नये म्हणून मागच्या बाजूला खाच. पहिल्यांदा ती खाच खरोखर मागे आहे का तपासा. घरी जोडलेल्या मशीनवर उलटी बसवलेली सीट मला अनेकदा सापडते, आणि मालक बिचारा ‘मला हे झेपत नाही’ म्हणून सांगत असतो. चार स्क्रूंचं काम.

सीट बरोबर असेल तर पुढचा संशय मांडीच्या मागच्या स्नायूंवर. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे ते आखडलेले असतात. मग पुढे वाकताना ओटीपोटाचा भाग पुढे वळत नाही, माणूस माकडहाडावर गोळा होऊन बसतो आणि वीस मिनिटांत पायाला मुंग्या येतात. त्यावर गादी घातली तर मुंग्या थोड्या उशिरा येतात, एवढाच फरक. रोज पाच मिनिटं स्ट्रेचिंग आणि दर दहा-बारा मिनिटांनी उठून घरात एक फेरी, हे तीन आठवडे करा. तरी दुखत असेल तर विकत घेण्याआधी चाचणी घ्या: पातळ टॉवेलची एक घडी सीटवर अंथरा. त्याने स्पष्ट आराम पडला तर गादी घेण्यात अर्थ आहे, आणि ती जेलची नको. जेल जड असतं, घामाने घसरतं आणि शरीर त्यात एका जागी बुडून बसतं. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीचा, पाणी न शोषणारा घट्ट फोम आणि त्याला सीटसारखीच मागे खाच, एवढं बघा. गादीने तुम्ही वर उचलले जाता, म्हणजे पाय तुलनेने खाली जातात. ती घातल्यावर पायांची सेटिंग पुन्हा बघायची. सायकलिंगची पॅडवाली चड्डी अनेकांकडे असते. ती इथे गोळा होऊन काचते. बिनशिवणीची साधी घट्ट शॉर्ट जास्त बरी.

दापोडीला सीएमईच्या, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, आवारात आर्मी रोइंग नोड हे लष्कराचं रोइंगचं प्रशिक्षण केंद्र आहे. २०१६ साली रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कलमध्ये (एकट्याने दोन वल्ही मारायच्या शर्यतीत) तेरावा आलेला आपला नाशिक जिल्ह्यातला दत्तू भोकनळ तिथेच तयार झाला. टोकियो ऑलिंपिकला अकरावे आलेले अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग हेही तिथलेच. शर्यतीच्या बोटीतली सीट अर्गोच्या सीटपेक्षाही कडक असते. तुमची-आमची त्यांच्याशी बरोबरी नाही, पण कडक सीटवर माणूस बसू शकतो एवढं तरी त्यातून कळतं.

हातमोज्यांबद्दल थोडक्यात. नदीवर कोणी मोजे घालत नाही, कारण मोज्याच्या आत कातडी घसरते आणि हँडल जाड झाल्याने ते धरायला जास्त आवळावं लागतं. फोड येतात ते आवळण्यानेच. बोटांचा आकडा करून हँडल त्यात अडकवायचं, अंगठा सैल, मनगट सरळ. पहिले दोन-तीन आठवडे फोड येतीलच. फोडू नका, कापडी टेप लावा, दोन दिवस थांबा. हातमोज्यांपेक्षा उपयोगाचं काम म्हणजे सुरू करण्याआधी अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवणं. हँडल बरगडीच्या खालच्या टोकापर्यंत येतं, त्यामुळे मंगळसूत्र किंवा लांब साखळी टी-शर्टच्या आत टाकायची. आणि टी-शर्ट खोचायचा. सैल कुर्त्याचं किंवा टी-शर्टचं मागचं टोक सीटच्या चाकाखाली सापडतं, कपडा फाटतो आणि माणूस जागच्या जागी अडकतो. ओढणी घेऊन तर बसूच नये.

कमरेचा पट्टा कशाला नको? ओढताना आधी पाय, मग धड, शेवटी हात; परत जाताना आधी हात, मग धड, शेवटी गुडघे. कंबर दुखणारे जवळजवळ सगळे धडाने सुरुवात करतात, म्हणजे पाय ढकलायच्या आधीच पाठ उघडतात. पट्टा बांधला की त्यांना तेच करायला बळ मिळतं. बाजूने मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि पाय सरळ होण्याआधी पाठ मागे जाते का बघा. जात असेल तर आठवडाभर निम्म्या जोराने, मिनिटाला अठरा-वीसच स्ट्रोक मारत क्रम बसवा. कंबरेतून पायात कळ उतरत असेल तर मात्र माझं ऐकत बसू नका, मशीन बंद आणि फिजिओथेरपिस्टकडे जा.

पायांची सेटिंग ही फुकटची गोष्ट आहे आणि तिच्यासाठी कुठलीही वस्तू लागत नाही, म्हणूनच तिच्याकडे कोणी बघत नाही. पायाच्या फळीवर टाच धरणारा भाग वर-खाली सरकतो. पट्टा चवड्याच्या सर्वांत रुंद भागावरून, बोटं जिथे दुमडतात तिथून गेला पाहिजे. तुमचं आणि वहिनींचं पाऊल वेगळं, त्यामुळे भोकांचे आकडे वेगळे येणार. पांढऱ्या मार्करने दोन खुणा करून ठेवा, म्हणजे रोज वाद नको. पुढच्या टोकाला नडगी साधारण उभी यायला हवी, त्याच्यापुढे जाऊ नये. टाच थोडी उचलली गेली तर हरकत नाही. फारच उचलली जात असेल तर पाय एक भोक खाली घ्या, पुढे वाकणं सोपं होतं. टाचेखाली घालायच्या पाचरी विकायला असतात. घोटा खरोखर जखडलेला असेल तरच त्या घ्या. बूट पातळ, घट्ट तळाचे असावेत. धावायचे जाड उशीवाले बूट इथे नको, कारण तुमचा जोर फळीपर्यंत पोचण्याआधी त्या उशीत जिरतो. जुने कॅनव्हासचे उत्तम.

आईंसाठी वेगळा विचार करायला हवा. गुडघ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, हे आधी. डॉक्टर हो म्हणाले तरी खरी अडचण ओढण्याची नसते, बसण्या-उठण्याची असते. साध्या मशीनची सीट जमिनीपासून जेमतेम ३६ सेंटिमीटर वर असते, म्हणजे नेहमीच्या खुर्चीपेक्षा बरीच खाली. आणि वर ती चाकांवर असते. वयस्क माणूस वाकून बसायला जातो तेवढ्यात सीट मागे पळते. एका हाताने सीट धरून ठेवायची सवय लावा, आणि सुरुवातीला कोणीतरी शेजारी उभं राहा. बाजूला जड, न हलणारी लाकडी खुर्ची ठेवा, उठताना हात टेकायला. चाकांची ऑफिसची खुर्ची ठेवू नका. मशीनखाली विटा किंवा पाट रचून उंची वाढवायचा उद्योग कोणी सुचवेल, तो करू नका. उंच पायांचं मॉडेल मिळतं, त्याची सीट ५१ सेंटिमीटरवर असते. मशीन अजून घ्यायचं असतं तर तुमच्या घरासाठी मी तेच सुचवलं असतं. आता आईंनी अर्धाच रूळ वापरायचा: गुडघे काटकोनापलीकडे वाकवायचे नाहीत, पाच मिनिटं, बस्स. काटकोन जिथे येतो तिथे रुळाच्या कडेला रंगीत टेप लावा. सीटची चाकं फिरतात त्या पट्टीवर मात्र लावू नका.

छातीचा पट्टा घ्या म्हणालो त्याचं कारण. मनगटी घड्याळ नाडी प्रकाशाने मोजतं, आणि इथे प्रत्येक ओढीला मनगट आणि पंजाचे स्नायू आवळतात, त्यामुळे ते आकडे भरकटतात. चालण्या-धावण्यात चांगलं काम करणारं घड्याळ अर्गोवर मध्येच भलताच आकडा दाखवतं. छातीचा पट्टा विद्युतसंकेत पकडतो; त्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या करून बांधायचा, वापरानंतर वरचं बटण काढून पट्टा साध्या पाण्यात धुवायचा. घामाचं मीठ साचलं की तो वर्षभरात मरतो. ब्लूटूथ आणि अँट प्लस (बिनतारी जोडणीचे दोन प्रकार) दोन्ही असलेला घ्या, म्हणजे मशीनच्या मॉनिटरला आणि फोनला, दोघांना जोडता येईल. वहिनींना छातीचा पट्टा अडचणीचा वाटला तर दंडाला किंवा कोपराखाली बांधायची पट्टी मिळते, तीही मनगटापेक्षा भरवशाची.

पट्टा घेतलात की पंख्याचं महत्त्व आपोआप कळेल. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, खोली बंद, आणि तुम्ही एका जागी बसून घाम गाळताय. धावताना अंगावर येतो तसा वारा इथे नाही. मशीनच्या पंख्याचा वारा अंग गार ठेवण्याइतका नसतो. त्याच वेगाला दहाव्या मिनिटाला नाडी एक, तिसाव्या मिनिटाला कितीतरी वर. लोकांना वाटतं दम कमी पडतोय. कमी पडतोय तो वारा. उभा पंखा समोरून तिरका, छातीवर येईल असा लावा. छताच्या पंख्यावर विसंबू नका, कारण तुम्ही जमिनीपासून हातभरच वर असता.

आता तेल-पाणी. यावर घरोघरी जितके गैरसमज तितके दुसऱ्या कशावर नाहीत. साखळीला साधारण दर ५० तासांच्या वापरानंतर तेल द्यायचं. मशीनसोबत आलेली बाटली वापरा, ती संपली तर साधं खनिज तेल. चमचाभर तेल फडक्यावर घेऊन साखळीवरून पुसत न्यायचं, जास्तीचं दुसऱ्या फडक्याने टिपायचं. गंज काढायचे स्प्रे मारू नका, ते आतलं वंगणच धुऊन काढतात. आणि खोबरेल तर नकोच. हसू नका, मी बघितलंय. डिसेंबरच्या सकाळी बाथरूममधली बाटली गोठते ना, तसंच ते साखळीच्या कड्यांत गोठतं, त्यात धूळ बसते आणि मेणासारखा चिखल होतो. रूळ आणि सीटची चाकं यांना तेल अजिबात लावायचं नाही. रुळावर काळा थर दिसतो तो घाम आणि धूळ चाकांनी दाबून केलेला असतो. रोज वापरानंतर ओल्या फडक्याने रूळ पुसा, चाकांवरूनही फडकं फिरवा; फडक्यांचा गठ्ठा म्हणालो तो यासाठी. तारेची घासणी किंवा ब्लीच नको. तुमच्या ओळखीत कोणाकडे साखळीऐवजी कापडी पट्ट्याचं चुंबकी मशीन असेल तर त्यांना सांगा, त्या पट्ट्याला तेलाचा थेंबही लावू नका.

धुळीची गोष्ट तुमच्या भागात गंभीर आहे, समोर कुठली ना कुठली इमारत उभी राहतच असते. ती मोजायचं साधन मॉनिटरमध्येच आहे. पंख्याच्या बाजूचा डॅम्परचा खटका १ ते १० असतो. बहुतेकांना तो जोराचा गिअर वाटतो आणि ते त्याला दहावर ठेवून कंबर मोडून घेतात. तो फक्त पंख्यात किती हवा शिरू द्यायची ते ठरवतो. खरा आकडा ड्रॅग फॅक्टर, म्हणजे पंख्याला हवेचा किती विरोध होतो ते. मेनूमध्ये ‘मोअर ऑप्शन्स’, मग ‘डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर’, आणि आठ-दहा ओढी मारा. तुम्ही ११० ते १२५च्या दरम्यान ठेवा, वहिनी ९५ ते ११०, आई त्याहून खाली. खटका बहुधा तीन ते पाचमध्येच येईल. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ. त्यामुळे मुंबईच्या मित्राचा खटका आणि तुमचा खटका सारखा असला तरी ड्रॅग सारखा नसेल. मॉनिटर मात्र प्रत्येक ओढीनंतर पंखा किती लवकर मंदावतो ते मोजून हिशेब दुरुस्त करतो, म्हणून दोघांचे २००० मीटरचे वेळ बिनधास्त ताडून बघता येतात. (ऑलिंपिकची नेहमीची शर्यतही २००० मीटरचीच.) आज खटका चारवर ठेवून ड्रॅग किती येतो ते कुठेतरी लिहून ठेवा. काही महिन्यांनी त्याच खटक्यावर तो दहा-पंधराने घसरला की समजा, जाळीत धूळ बसली. घरचा व्हॅक्यूम क्लीनर जाळीवरून फिरवला की बराच परत येतो. दिवाळीच्या साफसफाईत एकदा जाळी उघडून आतूनही काढा.

कव्हर प्लॅस्टिकचं नको, कारण पावसाळ्यात त्याच्या आत दमट हवा कोंडते आणि साखळीवर गंजाचे ठिपके येतात. जुनी सुती चादर टाका. घाम पुसून, मशीन कोरडं झाल्यावर टाका, लगेच नाही. मॉनिटरमध्ये टॉर्चचे जाडे सेल असतात, दोन. ओढताना तो पंख्यातूनही वीज घेतो म्हणून ते बरेच दिवस टिकतात आणि विसरले जातात. अल्कलाइन घ्या, आणि महिनाभर गावी जाणार असाल तर काढून ठेवा. सेल गळून आतले पत्रे हिरवे झालेले मॉनिटर दुरुस्तीला येतच असतात.

स्लाइड्सचाही मोह होईल. त्या मशीनखाली घालतात आणि सगळं मशीन पुढे-मागे तरंगतं, बोटीसारखं वाटतं. सीओईपी या पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर जाऊन खरंच बोट शिकणार असाल तर त्यांचा उपयोग आहे. फ्लॅटमध्ये जागा जास्त लागते आणि आई त्यावर बसूच शकणार नाहीत. सोडा.

हेच पाण्याच्या टाकीचं मशीन असतं तर साखळीच्या तेलाऐवजी पाणी शुद्ध करायच्या गोळ्या लागल्या असत्या. टाकीत साधारण १७ लिटर पाणी मावतं. तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येत असतील तर ते जड पाणी भरू नये, फिल्टरचं भरावं. टाकीवर खिडकीचं ऊन पडलं की शेवाळ धरतं, म्हणून मशीनची जागा ठरवताना पश्चिमेची खिडकी बघायची. गोळ्या कंपनीच्याच घ्यायच्या, स्विमिंग पूलचं क्लोरीन अंदाजाने टाकायचं नाही.

तर सध्या रबर, पंखा, छातीचा पट्टा एवढंच मागवा; फडकी घरात असतीलच. तीन आठवडे झाले की मला तुमच्या दोघांच्या पायांचे आकडे, ड्रॅग फॅक्टर आणि बाजूने काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ पाठवा. सीटची खाच मागे आहे का, हेही त्यात दिसू द्या. गादीचं मग बघू.